शिडीला किती द्यायचे?

३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. तुझ्या क्लबच्या वसतिगृहाच्या गच्चीची गळती एकदाची थांबली हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सगळे ठीक. बायकोची अक्कलदाढ काढली. आता तरी दोन दिवस ती मला अक्कल शिकवणार नाही असं मी म्हणालो, तर तिने पाटीवर लिहून शिकवली.

लीगचा हंगाम तोंडावर आलाय. माझं काम तू दर वर्षी विचारतेस आणि दर वर्षी विसरतेस, म्हणून पुन्हा सांगतो. आमच्या वर्तमानपत्राचा ‘स्वप्नसंघ’ हा खेळ घरात बसून खेळायचा. वाचकाने महिला बास्केटबॉल लीगमधल्या पाच खऱ्या खेळाडू निवडायच्या. त्या खऱ्या सामन्यात जशा खेळतील तसे गुण वाचकाच्या संघाला मिळतात. पण सगळ्याच उत्तम मुली एकाने उचलू नयेत म्हणून प्रत्येकीचं मोल ठरवलेलं असतं, एक ते वीस, आणि पाचजणींची बेरीज साठाच्या वर जाऊन चालत नाही. ते मोल दर गुरुवारी ठरवणारा आणि त्याची कारणं लिहिणारा इसम म्हणजे तुझा धाकटा भाऊ.

या वेळी माझं घोडं अडलंय ते तुमच्या क्लबच्या नव्या मुलीपाशी. संपादक म्हणतात तिला पंधरा द्या, सगळ्या वाचकांना तीच हवी आहे. तिचे कनिष्ठ स्पर्धेतले आकडे डोळे दिपवणारे आहेत हे खरं. पण ते तिच्याच वयाच्या पोरींविरुद्धचे. इथे तिच्यासमोर दहा-दहा वर्षं मुरलेल्या बायका उभ्या राहणार. पुढच्या दोन महिन्यांत ती काय करेल हे कोणालाच ठाऊक नाही, आणि मला मात्र ते एका आकड्यात सांगायचंय. तिला कमी लेखलं तर अन्याय, जास्त लेखलं तर तिच्या भरवशावर संघ बांधणाऱ्या वाचकांचा विश्वासघात.

तुला आतली बातमी विचारत नाही, तसं करणं बरोबर नाही. ती नीट जेवते का, घरच्या आठवणीने रडते का, एवढंच कळव. हे विचारणंसुद्धा बरोबर आहे की नाही याचा विचार पत्र लिहिता लिहिता दोनदा केला, आणि तरी विचारतोय.

माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

•

९ ऑक्टोबर

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

वहिनीच्या दाढेची चौकशी मी तिच्याकडेच करीन, तुझ्या तोंडून तिचं दुखणंसुद्धा विनोद होऊन बाहेर येतं.

तुझी ती मुलगी बघितली. बघितली म्हणजे काय, उठता-बसता बघते. तुला माहीत आहे, वसतिगृहाची व्यवस्थापिका म्हणून माझं टेबल जिन्याच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे अकरा वर्षं झाली, मला मुली आधी पायांनी दिसतात आणि मग चेहऱ्याने. ही तर पायांनी इतका वेळ दिसत राहते की चेहरा येईपर्यंत माझा चहा निवतो. पोरींनी तिचं नाव शिडी ठेवलंय. जिन्यातला दिवा गेला की स्टूल आणायचं नाही, शिडीला हाक मारायची.

जेवते म्हणतोस? सकाळी सहा अंडी आणि वर मला विचारते की बाकीच्यांची उरली का. रडताना बघितली नाही. आई फोन करते तेव्हा नुसतं हं, हं, हं करते आणि फोन ठेवला की पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसते. बाप कारखान्यात लेथवर. त्याने लोखंडी कडं वाकवून घराच्या भिंतीला ठोकून दिलं, त्यात चेंडू टाकत ही वाढली.

तिला तिसऱ्या मजल्यावर कप्तानबरोबर खोली दिलीय. कप्तान चौतिशीची, याच क्लबमध्ये तिचा चौदावा हंगाम. नव्या पोरीला जुन्या बाईच्या खोलीत टाकायचं ही आमची पद्धत. दोघींचं गूळपीठ जमलंय. आली तेव्हा शिडी तीन-तीन पायऱ्या गाळत धबाधब उतरायची, मी ओरडून ओरडून घसा बसवला. आता आठवडाभर बघते, तर एकेक पायरी, कप्तानशी गप्पा हाणत, कशी शहाण्या सुनेसारखी उतरते. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातून बर्फाच्या दोन-दोन पिशव्या वर नेते. माझं ओरडणं लागू पडलं म्हणावं, की एकोणिसाव्या वर्षीच हिचं वय झालं म्हणावं!

सध्या तिला एकच ध्यास आहे. पहिले चार सामने बघायला निवड समितीची माणसं येतात आणि राष्ट्रीय शिबिरासाठी दहाजणी उचलतात. शिबिराला गेलेली मुलगी देशाच्या संघाच्या उंबरठ्यावर असते म्हणे. तिने आईला आत्ताच सांगून ठेवलंय, हिवाळ्यात माझी वाट बघू नका.

किती द्यायचे ते तुझं तू बघ. मला विचारशील तर विसातले वीस, पण मी तर तुलासुद्धा वीस देते, तेव्हा माझं काय ऐकतोस.

जपून राहा, आणि आठवण ठेवायला सवड काढ.

तुझी,
ताई

•

१६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आजच्या अंकाचं कात्रण सोबत आहे. वाचशीलच, पण माझ्याकडून आधी ऐक.

मी तिला आठ दिले. संपादक पंधरावर होते, म्हणून कारण पक्कं हवं होतं. सरावाच्या दोन सामन्यांचे आकडे मागवले. पहिल्यात ती एकतीस मिनिटं खेळली, दुसऱ्यात बावीस. बास्केट चुकल्यावर परत येणारा चेंडू पकडायचा, तो रिबाउंड. ते बारावरून सातावर आले. उंच मुलीच्या उड्या कमी झाल्या की पहिला संशय गुडघ्यावर जातो. म्हणून शेवटी लिहिलं की या खेळाडूच्या गुडघ्याबद्दल शंकेला जागा आहे, वाचकांनी जपून निवडावी.

ताई, एक गोष्ट कबूल करतो. हे लिहिताना तुझ्या पत्रातल्या पायऱ्या आणि बर्फाच्या पिशव्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. आधी आकडे पाहिले आणि मग पायऱ्या आठवल्या, की आधी पायऱ्या आठवल्या आणि त्यांना साजेसे आकडे शोधले? मी स्वतःला सांगतोय की आधी आकडे. तुझं पत्र मी छापलेलं नाही, तुझा उल्लेख नाही, वसतिगृहाचाही नाही. वाचकांना खरं सांगणं हे माझं कामच आहे. तरी कात्रण पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं, ते का हे मला नीट सांगता येत नाही.

संपादक खूश आहेत. दिवसभर फोन वाजत होते.

माझ्या वाट्याची माया राखून ठेव.

तुझा,
धाकटा

•

२० ऑक्टोबर

चि. भावास,
आशीर्वाद.

आज टोपणनाव सुचत नाही.

तुझं कात्रण येण्याआधीच अख्खा अंक इथे पोचला होता. प्रशिक्षकांनी तो सरावाच्या मैदानावर सगळ्यांसमोर शिडीच्या पुढ्यात धरला. बाहेरगावच्या पत्रकाराला जे दिसतं ते मला का दिसत नाही, असं विचारलं. तिला सगळ्यांदेखत बाकावर बसवून पायजमा वर करायला लावला आणि दोन्ही गुडघे दाबून बघितले. ती हसत होती म्हणे. मग कोणीतरी बर्फाचं बोललं. प्रशिक्षकांनी विचारलं, बर्फ कोणाला लागतो. शिडी म्हणाली, मला. कशाला लागतो, तर म्हणे सवय आहे.

झालं. गुडघ्याचे फोटो काढायला पाठवली, आणि त्यांचा निकाल येईपर्यंत खेळायचं नाही असं फर्मान निघालं. परवाचा पहिला सामना तिने बाकावर बसून पाहिला. निवड समितीची तिघं माणसं वह्या उघडून समोर होती. चारांतला एक गेला.

आणि माझं ऐक. अकरा वर्षांत या पोरी माझ्या टेबलापाशी काय वाटेल ते बोलायच्या. कोणाचं लग्न मोडलं, कोणाला कोण आवडतं, कोण प्रशिक्षकांची नक्कल कशी करते. काल दोघी बोलत बोलत उतरत होत्या, मला बघितलं आणि गप्प झाल्या. त्यांना ठाऊक आहे माझा भाऊ कुठे काम करतो. मीच तर मिरवत सांगितलं होतं.

तू लिहितोस की माझं पत्र छापलं नाहीस. अरे, पत्र छापलं असतंस तर बरं झालं असतं. त्यात सहा अंडी होती, बापाने ठोकलेलं कडं होतं, हसणं होतं. तू त्यातलं तेवढंच काढून नेलंस जे तिला बाकावर बसवायला पुरलं.

आता हे निस्तर. कसं ते मला माहीत नाही.

रागाच्या खाली माया शाबूत आहे. पण आज रागच वर आहे.

ताई

•

२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चुकलो. पुढे काही लिहिण्याआधी हे एवढं एका ओळीत असू दे, कारण मला ओळखतेस, मी कारणं द्यायला लागलो की माफी त्यांच्यात बुडून जाते.

बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली की तुझ्या बहिणीने तुला पत्र पाठवलं होतं, बातमी नव्हे, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागावा याचं तिला नवल वाटतं. तिची दाढ पुरती बरी झालीय.

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सरावाच्या दोन्ही सामन्यांचं चित्रण मागवलं आणि नुसते आकडे न बघता ती मुलगी बघितली. दोन संध्याकाळी तेच केलं. ताई, ती मांजरासारखी उतरते. दोन्ही पायांवर, सारख्या भाराने, प्रत्येक वेळी. दुसऱ्या सामन्यात ती बावीस मिनिटं खेळली, कारण प्रशिक्षकांनी तिला मुद्दाम बाहेर ठेवून राखीव मुलींना खेळवून पाहिलं. तसं टिपणातही लिहिलेलं होतं. मी ते टिपण वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण ते माझ्या तर्कात बसत नव्हतं. वीस वर्षं मी नव्या मुलांना शिकवत आलो की आधी निष्कर्ष आणि मग पुरावा असं कधी करू नका.

चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली. ती लिहीत नाही. मला काय दिसतं याच्यावर माझाच विश्वास उरलेला नाही, आणि दिसलेलं सगळं लिहायचं नसतं हेही आत्ताच कळलंय.

निकाल आला की लगेच कळव. गुडघे निर्दोष निघाले तर पुढच्या गुरुवारी मोल वाढवीन आणि चूक झाली असं छापीन.

तुझ्या टेबलापाशी पोरी पुन्हा बोलू लागेपर्यंत लोभ मागायचा मला हक्क नाही. तरी मागतो.

तुझा,
धाकटा

•

२९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

गुडघे निर्दोष. डॉक्टर म्हणाले, असे गुडघे मला माझ्या मुलीला मिळाले तर मी देवाचे आभार मानीन.

तुला वाटेल, सुटली. कसली सुटते! प्रशिक्षकांचं डोकं सरळ चालतं आणि म्हणूनच कुठेतरी जाऊन आदळतं. त्यांचं म्हणणं असं, की गुडघ्यात काही नाही आणि दिवसातून दोनदा बर्फ, तर एक तर डॉक्टर खोटा नाही तर मुलगी. जी मला बर्फाबद्दल खरं सांगत नाही ती मैदानावर काय सांगणार. खरं बोल आणि खेळ, असं त्यांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, सांगितलं ना, सवय आहे. काल दुसरा सामनाही बाकावर. दोन गेले, दोन उरले.

आता पुढचं फक्त तुझ्यासाठी. हे मी तुला लिहावं की नाही यावर एक अख्खा दिवस घालवला. पण दुसऱ्या कोणाला लिहू?

सोमवारी धुतलेल्या चादरी घेऊन मीच तिसऱ्या मजल्यावर गेले. दोन्ही हात भरलेले, म्हणून दार कोपराने ढकललं. कप्तान खुर्चीत बसली होती, डावा पाय बादलीत, बर्फात. घोटा असा सुजलेला की पाय आणि पिंढरी वेगळी ओळखू येईना. आणि शिडी खाली बसून पट्टी गुंडाळत होती, जीभ दातांत धरून, लहान मूल अक्षर गिरवतं तशी.

मग एकदम डोक्यात उजेड पडला. शिडी पायऱ्या एकेक करून उतरायची ती स्वतःसाठी नव्हे. कप्तानला हळू उतरावं लागतं हे कोणाला कळू नये म्हणून ती तिच्या बरोबरीने हळू उतरायची आणि तोंडाची टकळी चालू ठेवायची. बघणाऱ्याला वाटावं, गप्पांमुळे रेंगाळताहेत. मी अकरा वर्षं पाय बघणारी बाई, मी चुकीचे पाय बघत होते. तेव्हा तुझ्या चुकीत माझाही वाटा आहे, तोही धर.

मी शिडीला गोदामात नेऊन झापलं. ती शांतपणे म्हणाली, मावशी, माझे अजून पंधरा हंगाम आहेत, तिचा हा एकच. चार सामने बसले तर काय मरते का. कप्तानला यातलं काही माहीत नाही. शिडीने तिला सांगितलंय की डॉक्टरांनी विश्रांती दिलीय. बर्फाची चौकशी झाली तेव्हा कप्तान मालिशवाल्याकडे होती आणि नंतर तिला कोणी बोललं नाही. मला शिडीने हात जोडून सांगितलं की बोलायचं नाही.

मी प्रशिक्षकांना सांगितलं तर कप्तानचा शेवटचा हंगाम माझ्या तोंडून संपतो. नाही सांगितलं तर ही पोर शिबिराला मुकते. शिवाय तो घोटा. त्यावर खेळून खेळून तो कायमचा गेला तर?

तू आकडे लावणारा. सांग, हे कसं मोजतात?

वाट बघते.

तुझी,
ताई

•

२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजता येत नाही. निदान मला तरी नाही, आणि या प्रकरणात माझ्या मोजण्यावर कोणी विसंबू नये. पण दोन गोष्टी सुचतात.

पहिली माझी. नुसतं ‘चूक झाली’ छापणं पुरेसं नाही हे तुझ्या पत्रावरून समजलं. सोबत गुरुवारच्या मजकुराचा कच्चा खर्डा आहे. त्यात लिहिलंय की गुडघ्याची शंका मी मैदानावर पाहून घेतली नव्हती. ती एका घरगुती पत्रातल्या साध्या वर्णनावरून घेतली होती, ते वापरायचा मला अधिकार नव्हता, आणि त्याचा अर्थही मी चुकीचा लावला. तिचं मोल आता पंधरा, आणि तेही मी तिचा खेळ पाहून ठरवलंय. बर्फाचं अक्षर नाही. कोणत्या अक्षरात छापायचं यावरून संपादकांशी वाद झाला. चुकीची दुरुस्ती कोपऱ्यात बारीक टायपात जाते असा त्यांचा दंडक. जिथे शंका छापली तिथेच आणि तेवढ्याच मोठ्या टायपात दुरुस्ती जाणार नसेल तर सदर दुसऱ्या कोणाला द्या, असं मी म्हणालो. ते म्हणाले, बघू. त्यांचं ‘बघू’ बहुधा ‘हो’ असतं.

पण हे छापलं की ते पत्र कोणाचं हे तुमच्याकडे कोणालाही कळेल. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. म्हणून या वेळी आधी विचारतो. तू हो म्हटलंस तरच देईन, नाही म्हटलंस तर दुसरा मार्ग शोधीन. बुधवारी दुपारपर्यंत तार-टपाल नको, सरळ फोन कर आणि एक शब्द सांग.

दुसरी गोष्ट कप्तानची. चित्रणात दिसलेलं जे मी लिहिलं नव्हतं, ते तिचंच लंगडणं. तिच्याबद्दल सगळे ठरवताहेत: शिडी ठरवतेय, तू ठरवायला बसलीस, मला विचारून मलाही ठरवायला बसवलंस. तिला कोणी विचारलंच नाही. मीही त्या मुलीबद्दल असंच केलं, तिला न विचारता तिच्या पायांबद्दल ठरवलं. प्रशिक्षकांकडे जाऊ नकोस. कप्तानकडे जा. हा माझा सल्ला बरोबर आहे की आपल्या हातून निर्णय टळावा म्हणून मी देतोय, याची मला खात्री नाही. तुला योग्य वाटेल ते घे.

सुखरूप अस, आणि मला आपला म्हणत राहा.

तुझा,
धाकटा

•

८ नोव्हेंबर

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

फोनवर मी हो म्हणाले आणि ठेवून दिला, कारण पुढे बोलले असते तर रडले असते आणि रांगेत दोन पोरी उभ्या होत्या.

तुझा अंक यायच्या आधीच मी प्रशिक्षकांकडे गेले. सांगितलं, ते पत्र माझं. भावाला लिहिलं, बहिणीसारखं लिहिलं, त्याने पत्रकारासारखं वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मलाही एक बहीण आहे, ती मला पत्रच लिहीत नाही. क्लबच्या समितीने मला लेखी समज दिली आहे. ती फाईलमध्ये लावली. लावणारी मीच, कारण फाईल माझ्याकडेच असते.

त्या दिवशी दुपारी कप्तानकडे गेले. शिडी सरावाला जाऊन बसली होती, म्हणजे बाकावर. कप्तान काहीतरी निमित्त काढून खोलीतच थांबली होती. मी कप्तानला फक्त एवढं विचारलं, की शिडी का खेळत नाही हे तुला माहीत आहे का. ती म्हणाली, विश्रांती दिलीय ना. मी म्हटलं, नाही. आणि सगळं सांगितलं.

कप्तान म्हणाली, ती रोज माझ्या पायाला पट्टी बांधताना मला गोष्टी सांगायची, आणि मी हसायचे. मग उठली, पट्टी सोडून टाकली आणि खाली निघाली. एकटी. मी हात पुढे केला तर नको म्हणाली. सराव संपून मुली परत येत होत्या. सगळ्या जिन्यात कडेला झाल्या. बेचाळीस पायऱ्या आहेत, तुला माहीत नसेल. एकेक करून उतरली, दुखत होतं ते न लपवता. शिडी खाली होती. तिने बघितलं, आणि ताडकन मान फिरवून बाहेर निघून गेली.

घोट्याचं हाड चिरलंय. हा हंगाम संपला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन सामने खेळली असती तर चालायलाही त्रास झाला असता.

काल तिसरा सामना. शिडी खेळली. तू आकडे बघितलेच असशील. माझे आकडे सांगते: मी पाच वेळा उभी राहिले, दोनदा किंचाळले आणि शेजारच्या बाईची छत्री मोडली. कप्तान प्लास्टरातला पाय खुर्चीवर टाकून बाकावरून अशी ओरडत होती की पंचांनी दोनदा दटावलं.

शिडी माझ्याशी बोलत नाही. कप्तानशीही नाही. अंडीसुद्धा स्वतः मोजून घेते. बाकीच्या पोरी मात्र काल टेबलापाशी रेंगाळल्या. एकीने विचारलं, मावशी, भावाला हे पण लिहिणार का. मी म्हटलं, लिहिणार. मग म्हणाली, तर मग माझं नाव जरा चांगलं लिहा.

जेवत जा वेळेवर. माया आहे ती आहेच.

तुझी,
ताई

•

२२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुरुस्ती मोठ्या टायपात छापली गेली, सदर अजून माझ्याकडेच आहे. पण आज त्याबद्दल लिहायचं नाही.

शिबिराची यादी आली. दहा नावं, आणि खाली एक राखीव. राखीव म्हणजे ती. अकरावी.

काल मी बसून आकडेमोड केली. शेवटच्या दोन सामन्यांत ती जशी खेळली त्या सरासरीने चारही खेळली असती, तर ती सहावी किंवा सातवी आली असती. समितीने चारही सामन्यांची बेरीज धरली, हे मी विचारून घेतलं. म्हणजे माझ्या एका ओळीने तिचं नाव यादीतून खाली ओढलं. कोणी म्हणेल ती खोटं बोलली म्हणून बसवली गेली. पण खोटं बोलायची वेळ तिच्यावर कोणी आणली? मी वेगवेगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं, उत्तर तेच येतं. बायको म्हणते की अपराधही मी मिजाशीने करतो, सगळा स्वतःच्याच नावावर हवा असतो. असेलही. तिला सांग, म्हणजे शिडीला, की मी दिलगीर आहे. किंवा नको सांगूस. माझी दिलगिरी तिच्या काय कामाची, हे मला सांगता आलं नाही.

लोभ असेल तेवढा पुरे.

तुझा,
धाकटा

•

२७ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न.

अशी सुरुवात करायची असं मावशींनी सांगितलं. तुम्ही मावशींचे भाऊ म्हणजे माझे मामा झालात, त्याला माझा इलाज नाही.

मी मावशींशी बोलायला लागले. तीन आठवडे नव्हते बोलत. मग काल त्यांनी तुमचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. आधी विचारलं की वाचशील का, मी हो म्हटल्यावर दिलं. कप्तानशी तीन दिवसांपूर्वीच बोलले. ती म्हणाली, तू माझ्यासाठी जे केलंस ते मला न विचारता केलंस, आता निदान न बोलणं तरी मला विचारून कर. मला हसू आलं आणि मग रागावता येईना. आता ती रोज माझ्याकडून डाव्या हाताने शंभर चेंडू टाकून घेते, खुर्चीत बसून, हातात काठी. जेलर बरी.

तुम्ही ते सहावी-सातवी काढलंय ते मी नीट बघितलं. बेरीज बरोबर आहे. पण तुम्ही चौथा सामना बघितला का? नुसते आकडे नाही, सामना. शेवटचं दीड मिनिट होतं. मला दोन फ्री थ्रो मिळाले. समोर कोणी नाही, कोणी ढकलत नाही, सगळे थांबलेले, फक्त मी आणि कडं. ते कडं मी सहा वर्षांची असल्यापासून ओळखते. पहिला कड्याला लागून बाहेर गेला. दुसरा कड्याला लागलाच नाही. आम्ही एका गुणाने हरलो. दहाव्या नंबरच्या मुलीत आणि माझ्यात किती फरक होता ते समितीच्या बाईंनी मला सांगितलं. तोही एकाच गुणाचा.

पहिले दोन सामने मी का बसले ते मला माहीत आहे. मी ठरवून बसले. बर्फ कोणाचा हे मी कधीही सांगू शकले असते, कोणी माझं तोंड धरलं नव्हतं. तुम्ही ते लिहायला नको होतं, त्याचा मला राग आला होता, अजून थोडा आहे. मावशी म्हणाल्या, तेही लिही. लिहिलं.

पण ते दोन फ्री थ्रो तुमच्या हिशोबात कुठेच नाहीत. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत त्यात तेही गेले. ते परत द्या, मामा. ते माझे आहेत. ते माझे नसतील तर मी पुढच्या वर्षी कशाची तयारी करू?

सराव सुरू होतोय, थांबते. मावशी म्हणतात शेवटी लोभाचं काहीतरी लिहायचं असतं. ते पुढच्या पत्रात, तुमचं उत्तर कसं येतं ते बघून.

शिडी